डोळे मिटून मारलेली सर्व्हिस

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला फेफरं येतंय.

शिवोलीहून चोपड्याला जाणारी दुपारची फेरीबोट. मी म्हापशाहून कॉलेज आटपून घरी परतत होते. बी.ए.चं शेवटचं वर्ष. बोटीच्या अगदी तोंडाशी, जिथून स्कूटरी चढतात-उतरतात तिथे, एक उंच सावळा तरुण उभा होता. डोळे घट्ट मिटलेले. ओठ हलतायत. डावा हात पुढे, उजवा खांद्याच्या मागे, आणि मधूनच एक झटका… परत झटका. त्याच्या पुढे दोन पावलांवर नदी. बाकीचे लोक मासळीच्या भावावर बोलत होते, कुणाचं लक्ष नाही.

मला वाईटातलं वाईट आधी दिसतं, हा माझा जन्मापासूनचा रोग. आता आई झाल्यावर तर तो वाढलाच आहे. पाळणा जरा कुरकुरला की मला तुटलेली दोरी दिसते. त्या दुपारी एका क्षणात मला तो पाण्यात पडलेला दिसला, एक चप्पल तरंगताना दिसली, आणि किनाऱ्यावर ऊर बडवणारी त्याची आईसुद्धा दिसली. शेजारी भाजीवाली भागीरथी टोपली घेऊन बसली होती. तिच्या टोपलीतला कांदा उचलला, कठड्यावर आपटून फोडला आणि थेट त्याच्या नाकाला लावला.

त्याने डोळे उघडले. नाक आक्रसलं.

"हे काय?"

"कांदा," मी म्हणाले. "हुंगा. खाली बसा आधी. जीभ चावू नका."

"मी सर्व्हिस करत होतो."

"कसली?"

"व्हॉलीबॉलची," तो शांतपणे म्हणाला. "चौदा-तेरा झाले होते. आता लागली नेटला."

भागीरथीला सर्व्हिसशी काही देणंघेणं नव्हतं. फुटका कांदा आता कोण घेणार, एवढ्याचंच उत्तर तिला माझ्याकडून हवं होतं. त्याने तो मुकाट्याने विकत घेतला आणि खिशात घातला. मी बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले, आणि चोपडे येईपर्यंत पाण्याकडे बघण्याचं नाटक केलं.

हे नाटक तासाभरात उघडं पडलं. आमच्या गावात रवळनाथाच्या देवळासमोर मैदान आहे, तिथे पेडणे तालुक्याच्या मुलींचा संघ सराव करायचा. त्या दिवशी नवा प्रशिक्षक येणार होता. आला. डिचोलीच्या शाळेतला व्यायामशिक्षक, कोल्हापूरला शिकून आलेला, सगुण नाव. पांढऱ्या बुटांवर डिचोलीच्या खाणींची लाल धूळ. आम्हा मुलींपुढे उभं राहून त्याने रुमाल काढायला खिशात हात घातला आणि बाहेर फुटका कांदा आला.

"हा कुणाचा आहे, मी विचारणार नाही," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

शालिनी, आमची कप्तान, माझ्या कानाशी लागली. "कांद्यान दिश्ट काडतात मगे?"

मी बोलले नाही. माझे कान मात्र बोलले असणार, इतके ते तापले होते.

*

माझं दुखणं सर्व्हिसचं होतं. सरावात मी मारीन तिथे चेंडू पडायचा. सामन्यात मात्र मागच्या रेषेवर उभी राहिले की हात दुसऱ्याच कुणाचा तरी व्हायचा. आदल्या वर्षीच्या निवडीत दोन सर्व्हिसा जाळ्यात घातल्या आणि घरी आले. गोवा राज्य होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. राज्याचा संघ म्हणून बाहेर खेळायला जायचं, छातीवर 'गोवा' लिहिलेली जर्सी घालायची, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. बाबांच्या डोक्यात वास्को बसलं होतं. तिथल्या बंदरात कारकुनी करणारं स्थळ होतं. मुलगा वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर नाही म्हणता आलं असतं. बाबांनी, सदाशिव त्यांचं नाव, एवढंच सांगितलं की औंदा निवड झाली तर खेळ, नाहीतर वास्को. बाबा देवळात गावाचं गाऱ्हाणं घालणारे. ते एकदा बोलले की देवसुद्धा मध्ये बोलत नाही.

म्हणजे माझ्याकडे एक हिवाळा होता. आणि त्या हिवाळ्यात मला शिकवायला आलेला माणूस आम्हाला म्हणाला, "चेंडू बाजूला ठेवा. काजूखाली आडव्या व्हा. डोळे मिटा."

मी घड्याळ बघितलं. सूर्य मावळायला तासभर होता आणि आम्ही आडव्या.

त्याचं म्हणणं असं की जे करायचं ते आधी मनात करायचं. उगाच 'मी जिंकेन, मी जिंकेन' नव्हे. चेंडूची शिवण बोटांना लागली पाहिजे, शिट्टी ऐकू आली पाहिजे, चेंडू खऱ्या वेगाने जाळ्यावरून गेला पाहिजे आणि पडल्याचा आवाज झाला पाहिजे. चुकला तर उलटं फिरवायचं, पुन्हा मारायचं. "मेंदूला खरं आणि मनातलं यातला फरक कळत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. दिवसातून चारदा. त्याला ते इतकं आवडायचं की म्हणताना तो जरा उंच व्हायचा.

शालिनी पहिल्याच दिवशी घोरली. माझ्यापाशी येऊन तो उकिडवा बसला.

"काय दिसलं?"

"नेट."

"आणि?"

"चेंडू. नेटमध्ये." मला वैताग आला होता, म्हणून सगळंच सांगून टाकलं. "शालिनी वळून बघते, काही बोलत नाही. पंचांची शिट्टी अर्धवट वाजते, तिच्यात थुंकी अडकलीय. बाबा खुर्ची मागे सारतात, छत्री उचलतात आणि घरी जातात."

तो आणखी जवळ सरकला.

"छत्री कसली?"

"काळी. मूठ फुटलीय. तिला दोरा गुंडाळलाय… पिवळा."

"अगो!" तो चक्क मातीतच बसला. "चार वर्षं मी डोळे मिटतोय. मला चेंडू म्हणजे नुसता धुरकट गोळा दिसतो. तुला दोऱ्याचा रंग दिसतो? तू माझ्या कितीतरी पुढे आहेस. फक्त उलट्या रस्त्याने."

"हे कौतुक की टोमणा?"

"अर्धं अर्धं."

हसला. त्याच्या पापण्यांवर लाल धूळ होती. डिचोलीच्या माणसाच्या पापणीलाही खनिज लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि हे आपल्याला कशाला कळायला हवं होतं, म्हणून वैताग दुप्पट झाला.

*

तो आठवड्यातून तीनदा यायचा. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली, आणि शिवोलीला माझीच फेरी. 'योगायोग' असं मी स्वतःला सांगत असे. मग कॉलेजातून निघायला उशीर झाला की धावत का सुटायचे, हे मात्र सांगता येत नसे.

म्हापशाच्या पोदेराकडचे गरम उंडे, गोल टणक पाव, तो कागदात बांधून आणायचा. एक मला, एक त्याला, आणि कांद्याची भरपाई म्हणून एक भागीरथीला. उंडा संपला की हुकूम यायचा. "डोळे मीट. दहा सर्व्हिसा. मीही करतो."

तो मिटायचा. मी नाही.

आता सांगायला हरकत नाही. असा माणूस कुठे मिळणार, जो समोर उभा राहतो, डोळे गच्च मिटतो आणि मनसोक्त बघू देतो? हनुवटीवर एक जुना व्रण. डाव्या कानामागे केसांचा न बसणारा भोवरा. चेंडू वर टाकताना खालचा ओठ किंचित दाताखाली. खाडीचा वारा आला की शर्टाची कॉलर फडफडायची आणि मला ती नीट करावीशी वाटायची… मग मी माझाच हात दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे.

"झाल्या दहा?"

"झाल्या."

"शेवटची कुठे पडली?"

"हनुवटीवर."

"काय?"

"कोपऱ्यावर. उजव्या कोपऱ्यावर."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "डोळे मिटले होतेस ना?"

"तुम्ही मिटले होते ना? मग तुम्हाला काय कळणार?"

"मला वाटतं," तो हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी मी एक डोळा उघडा ठेवीन."

भागीरथी टोपलीवर फडकं टाकत पुटपुटली की दोघांनाही कांदा हुंगवायला हवा.

पण सर्व्हिस सुधारत नव्हती. सराव सामन्यात परत जाळ्यात. मी चिडले. त्याला म्हणाले, मला डोळे मिटले की छत्रीच दिसते, तुमची विद्या माझ्यावर चालत नाही, हे सगळं बसल्या जागी बढाया मारणाऱ्यांसाठी आहे. तो चिडला नाही. त्याचं ते न चिडणं फार चिडवणारं होतं. छत्री येते तर येऊ दे, म्हणाला, तिच्याशी भांडू नकोस, छत्रीनंतर काय होतं ते बघ. मी म्हटलं, छत्रीनंतर वास्को येतं.

"वास्को?" एवढंच म्हणाला, आणि चेंडूतली हवा दाबून बघत राहिला.

*

निवडीचा सामना डिचोलीत होता, आणि तोही डिचोलीच्याच संघाशी. मैदानाच्या कडेने खनिजाचे ट्रक जायचे आणि प्रत्येक ट्रकाबरोबर चुन्याची पांढरी रेषा थोडी गुलाबी व्हायची. निवड करणारे तिघे मेजामागे बसलेले. त्यांच्या बाजूला बाबा, मांडीवर छत्री. सगुण आमच्या बाजूला बसल्यामुळे त्याच्या गाववाल्यांना चेव चढला होता. घरच्या पोरींना हरवायला पेडण्याची फौज घेऊन आलास काय, लग्नाचं जेवण तिथेच जेवणार काय, असं बरंच काही. तो हसून हात हलवायचा. 'लग्न' शब्दावर मी उगाचच बुटाची नाडी सोडून परत बांधली.

शेवटचा सेट. चौदा-तेरा. आम्ही पुढे, आणि सर्व्हिस माझी. एक गुण आणि सामना. जाळ्यात गेली तर सर्व्हिस त्यांच्याकडे, आणि मी… मी परत तीच, दोन वर्षं ओळीने.

मी मागच्या रेषेवर उभी राहिले. हाताला घाम. शालिनी वळून बघत होती, काही बोलत नव्हती. बाबा खुर्ची मागे सारत होते. सगळं हुबेहूब, पिवळ्या दोऱ्यासकट. मी मदतीच्या आशेने आमच्या बाकाकडे पाहिलं, तर आमचे प्रशिक्षक डोळे मिटून बसलेले!

मला इतका संताप आला की भीतीला जागाच कमी पडली. एवढी शहाणपणाची भाषणं देणारा माणूस ऐन वेळी स्वतःच्या डोक्यात जाऊन बसतो. मग बोलायचं कुणाशी? आणि काय झालं कोण जाणे, तोंडात बाबांचा सूर आला. लहानपणापासून ऐकलेला, देवळात सगळा गाव उभा असतानाचा. गाऱ्हाण्यात वाईट लपवत नाहीत. जे जे वाकडं, ते नाव घेऊन देवापुढे मांडतात, आणि गाव मागून होकार भरतो. मी चेंडू छातीशी धरला आणि मनातल्या मनात सुरू केलं.

बा रवळनाथा म्हाराजा, ह्या हाताक घाम सुटलो आसा…

व्हय म्हाराजा, गाव म्हणाला.

चेंडू जाळ्यात जायत म्हणान काळीज धडधडता…

व्हय म्हाराजा.

बाबा छत्री उचलतीत, शालिनी बोलाची ना, आनी तो डिचोलेचो मनीस डोळे मिटून बसला… जां काय वायट-वाकडां आसात, तां बाजूक सार. आनी हो चेंडू पलीकडे वचूं दी.

व्हय म्हाराजा!

छत्री गेली नाही. तिथेच होती. पण आता ती नुसती छत्री होती, देवापुढे सांगून झालेली. शिट्टी वाजली. मी चेंडू वर टाकला.

तो जाळ्यावरून गेला. उंच नाही, जोरातही नाही. डिचोलीच्या दोन मुलींच्या मधोमध उतरला, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि लाल धुळीत 'धप्प' असा आवाज झाला. मला पहिल्यांदाच कळलं की मनात मी तो आवाज कधीच ऐकला नव्हता.

बाबा खुर्ची सारून उठलेच होते. छत्री मात्र खाली पडली होती आणि ते तिच्यावर पाय देऊन टाळ्या वाजवत होते.

सगुणने डोळे उघडले. "मारलीस?"

"तुम्ही बघितलीच नाहीत?"

"बघितली ना," तो म्हणाला. "तू मारायच्या आधी."

मी हातातला टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला.

*

आठवड्याने निवड कळली. शालिनी आणि मी, दोघी गोव्याच्या संघात. पणजीत शिबिर. बाबा खूश होते. पण वास्कोवाल्यांना दिलेला शब्द त्यांना मोडवत नव्हता. मुलगी बघायला तरी येऊ देत, म्हणाले, हो-नाही पुढे बघू. रविवार ठरला.

मी सगुणची वाट बघत होते. म्हणजे फेरीत भेटत होतोच, बोलत होतोच, पण ती वाट वेगळी. आणि तो काहीतरी भलतंच बोलायला लागला होता. एकदा म्हणाला, आमच्या घरी सोमवारी मासळी करत नाहीत, तुला चालेल ना? मी म्हटलं, चालेल की, तुमचं घर, तुमचा सोमवार. एकदा म्हणाला, आमच्याकडे रस्त्याकडचं जनेल उघडं ठेवलं की भांड्यांवर लाल थर बसतो, सवय व्हायला वेळ लागेल तुला. माणूस जरा हलला आहे, असं मी धरून चालले. मग मीच विषय काढला.

"रविवारी वास्कोची माणसं येतायत. मला बघायला."

"येऊ देत," तो शांतपणे म्हणाला. "चहा दे त्यांना."

बस्स, एवढंच. माझ्या वाटणीचा उंडा मी खाडीत टाकला. माशांनी तरी दखल घेतली.

शनिवारी सकाळी बाबा देवळातून आले ते सरळ माझ्यासमोर उभे राहिले. डिचोलीहून एक बाई आली होती, म्हणाले. रवळनाथाला कौल लावायला. भटाने मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि विचारलं, काय सांगू देवाला? तेव्हा ती बाई, बाबा खांबापलीकडे उभे असताना, खणखणीत आवाजात म्हणाली की माझ्या सगुणाने या गावच्या विनोदिनीला विचारलंय, ती हो म्हणालीय, आता देवाचं मन काय ते कळू दे.

"मग?" मी विचारलं.

"उजवी पाकळी पडली. ताबडतोब." बाबांनी टोपी काढून मेजावर ठेवली. "देवान व्हय म्हटलां. ताजे आवयन व्हय म्हटलां. तुवां व्हय म्हटलां. माका मात कोणेच इचारूक ना."

"बाबा," मी म्हणाले, "मलाही कुणी विचारलेलं नाही."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं गावाची गाऱ्हाणी घातली, पण असं गाऱ्हाणं त्यांच्याकडे कधी आलं नसावं.

"मगे देवाक कित्या तरास दिले?" शेवटी त्यांनी विचारलं, आणि मग त्यांचा राग परत आला. जे काय खरं असेल ते आज, त्या मुलाच्या तोंडून, माझ्यापुढे. नाहीतर उद्या गुमान चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचं. वास्कोवाल्यांपुढे मी खोटा पडणार नाही.

*

मी जेवले नाही. चोपड्याला उतरले, फेरी धरली आणि शिवोलीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. दुपारच्या बसमधून तो उतरला. हातात उंड्यांचा पुडा, चेहऱ्यावर लग्न ठरलेल्या माणसाचं समाधान. मला तो पुडा घेऊन त्याच्याच डोक्यावर आपटावासा वाटला. बोट सुटेपर्यंत मी कशीबशी थांबले.

"तुम्ही मला कधी विचारलंत?"

"काय?"

"जे तुमच्या आईने आज आमच्या देवाला सांगितलं ते."

तो हसला. "विसरलीस? संक्रांतीनंतरच्या सोमवारी. इथेच, या कठड्याला टेकून उभी होतीस. मी विचारलं, तू पाण्याकडे बघितलंस, 'बघू' म्हणालीस… मग हसलीस. मग हो म्हणालीस."

"संक्रांतीनंतरच्या सोमवारी मी तापाने घरी पडले होते."

त्याने बोटांवर वार मोजले.

"आणि मी जन्मात कुणाला 'बघू' म्हटलेलं नाही. मी आधी 'नाही' म्हणते."

धुळीखालचा त्याचा रंग उतरत गेला. मी याआधी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता.

"मी नेहमी करायचो," तो म्हणाला. "फेरीत चढलो की, डोळे मिटून. आधी तू नाही म्हणायचीस. मग मी उलटं फिरवायचो… परत विचारायचो. वास्को म्हणालीस ना, त्या दिवसापासून तर दिवसातून दहादा. मग एकदा तू हो म्हणालीस. मग रोजच हो म्हणायला लागलीस. आवाजसुद्धा यायचा. मला… मेंदूला खरं आणि मनातलं यातला…"

"फरक कळत नाही. ठाऊक आहे. मेंदूला कळत नसेल. मला कळतो."

"मला वाटलं सर्व्हिसाच करतायत हे," भागीरथी मागून म्हणाली. बोटीतली माणसं आता मासळीचा भाव विसरली होती.

त्याने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "तू कधी काही पाहिलं नाहीस? मनात? आपलं?"

"पाहिलं."

"काय?"

"तुम्ही पाण्यात पडताना. रोज. ही बोट सुटली की."

"रोज?"

"रोज," मी म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं की मी काय सांगून बसले.

तो थोडा सावरला. श्वास घेतला. आणि सवयीने डोळे मिटले.

"उघडा!" मी ओरडले. "डोळे उघडे ठेवून विचारा. नाहीतर कांदा आणते."

"उघड्या डोळ्यांनी मला येत नाही गो. शब्द फुटत नाही. कुठून सुरू करू?"

"वाईटापासून. गाऱ्हाणं घाला. मी तशीच मारली सर्व्हिस."

त्याने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चोपड्याचा धक्का जवळ येत होता. धक्क्यावर एक माणूस काळी छत्री टेकून उभा होता. छत्रीच्या मुठीला पिवळा दोरा.

"बा देवा म्हाराजा…" त्याचा आवाज चिरकला. "माझी नोकरी अजून कायम ना."

भागीरथी, सवयीने, "व्हय म्हाराजा."

"घरात धूळ आसा. दिसाक दोनदां झाडली तरी आसा."

"व्हय म्हाराजा," आता आणखी दोघे-चौघे.

"माझी आवय वायट ना, पूण गप्प बसना."

"व्हय म्हाराजा!" बायकांचा आवाज जरा जास्तच.

"मी वाटेर डोळे मिटून उभो रवता. जां विचारूक जाय तां विचारिना, नि विचारलां म्हणान देवापर्यंत आवयक धाडता. असलो मनीस."

"व्हय म्हाराजा!"

हसू आवरेना लोकांना. तो हसत नव्हता. त्याचे डोळे सताड उघडे होते आणि त्यांत पाणी साचलं होतं, न मिटल्यामुळे असेल. मी त्या डोळ्यांकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. जेव्हा जेव्हा बघत होते तेव्हा ते मिटलेले होते.

"हां सगळां वाकडां आयकून, पोटात घालून," तो म्हणाला, आता देवाला नाही, "ही विनोदिनी माझ्याबरोबर डिचोलेक येत काय?"

बोटीतल्या दोघांनी सवयीने तोंड उघडलं. भागीरथीने हात वर करून त्यांना गप्प केलं. "रावात," ती म्हणाली, "हां आमी म्हणपाचां न्हय."

इंजिन बंद झालं होतं. बोट आपल्याच वेगाने धक्क्याकडे सरकत होती. पाण्याचा तेवढा आवाज. मी मनात उत्तरं तयार करून आले होते. सगळी 'नाही'ची, सगळी झणझणीत. हो कसं म्हणायचं, त्याचा मात्र एकदाही सराव केला नव्हता. बदली होईल, ताप येईल, दोरी तुटेल, बोट बुडेल, हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं, अगदी रंगासकट. ते सगळं तिथेच राहू दिलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

खाली लोखंड दगडाला टेकलं. धक्क्यावर बाबांनी काही ऐकलं की नाही कोण जाणे. पण ते छत्री काखेत मारून, टोपी सरळ करून उभे राहिले होते, पाहुणा घ्यायला उभे राहतात तसे.

"हे मी असं नव्हतं पाहिलं," सगुण म्हणाला.

"मग कसं?"

"माझ्या मनात… तू रडत नव्हतीस."

"रडत नाहीये मी," मी वैतागून म्हणाले, आणि हात पसरला. भागीरथीने न बोलता त्यावर एक कांदा ठेवला. "कांदा आहे."